समुद्र खारट का? – एका जुन्या उत्तराची तपासणी

‘समुद्राचे पाणी खारट का असते?’ हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने विद्यार्थी असताना विचारलेला असतो आणि शिक्षक झाल्यावर ऐकलेला असतो. उत्तरही आपल्याला पाठ असते. पाऊस पडतो, पाणी खडकांवरून वाहते, खडकांतले क्षार विरघळवून नद्या ते समुद्रात नेतात, समुद्राच्या पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात. असे कोट्यवधी वर्षे चालत आल्यामुळे समुद्र खारट झाला. उत्तर सुटसुटीत आहे. फळ्यावर एक डोंगर, एक नदी आणि एक ढग काढला की पाच मिनिटांत सांगून होते.

पण वर्गात एखादी चौकस मुलगी असतेच. ती विचारते, ‘‘म्हणजे समुद्र दरवर्षी आणखी खारट होत चाललाय का?’’ आपल्या उत्तराप्रमाणे ‘हो’ म्हणायला हवे. तसे म्हटले तर पुढचा प्रश्न येतो, ‘‘मग आतापर्यंत त्याचं मिठागर का नाही झालं?’’ येथे आपले उत्तर अडखळते. हे अडखळणे नवे नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एक अतिशय हुशार शास्त्रज्ञ नेमका येथेच अडखळला होता. त्याचा निबंध आज वाचणे हा आपल्या वर्गातल्या उत्तराची परीक्षा घेण्याचा उत्तम मार्ग आहे.

जॉलीचा हिशेब

अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात डिक्सन आणि जॉली ही जोडी भेटते. उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी कसे चढते याचा सिद्धान्त या दोघांनी मांडला. त्यांपैकी जॉन जॉली हा डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात भूविज्ञानाचा प्राध्यापक होता. १८९९ मध्ये त्याने पृथ्वीच्या वयाचा अंदाज करणारा एक निबंध रॉयल डब्लिन सोसायटीपुढे वाचला. मूळ कल्पना एडमंड हॅलीची, धूमकेतूवाल्या हॅलीचीच. १७१५ मध्ये हॅलीने सुचवले होते की, ज्या तळ्यांतून पाणी बाहेर जात नाही त्यांचा खारटपणा काही शतकांच्या अंतराने मोजावा, म्हणजे जगाचे वय काढता येईल. प्राचीन ग्रीकांनी अशी मोजमापे करून ठेवली नाहीत, याची खंतही त्याने व्यक्त केली होती.

जॉलीने शतके वाट न पाहता भागाकार केला. त्याच्या वेळी उपलब्ध असलेल्या नद्यांच्या विश्लेषणांवरून साऱ्या नद्या मिळून दरवर्षी सुमारे १५.७ कोटी टन सोडियम समुद्रात नेतात असे निघत होते. समुद्रात एकूण सोडियम होते सुमारे १४ हजार लाख कोटी टन. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की जवळजवळ ९ कोटी वर्षे येतात. काही दुरुस्त्या करून त्याने पृथ्वीचे, म्हणजे समुद्र निर्माण झाल्यापासूनचे, वय ८ ते ९ कोटी वर्षे ठरवले.

या निबंधाचे गुण आधी सांगितले पाहिजेत. त्या काळी पृथ्वीच्या वयाबाबत लॉर्ड केल्व्हिन यांचा शब्द प्रमाण मानला जाई आणि ते वय दोन ते चार कोटी वर्षांवर जाऊ देत नव्हते. जॉलीने त्यांच्या उष्णतेच्या गणिताला हात न लावता अगदी वेगळ्या वाटेने पृथ्वीला अधिक वय मिळवून दिले. हिशेबाची प्रत्येक पायरी त्याने उघड केली. पावसातून जमिनीवर पडणारे काही मीठ मुळात समुद्राकडूनच आलेले असते, हेही त्याने ध्यानात घेतले. कोकणात खिडक्यांचे गज का गंजतात हे ज्याला माहीत आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. लाटांच्या तुषारांतले मीठ वारा आत नेतो, पाऊस ते खाली आणतो, नदी ते पुन्हा समुद्राला देते. हे मीठ दोनदा मोजायचे नाही, म्हणून जॉलीने त्याची वजावट केली.

इतका काटेकोर माणूस मग चुकला कोठे? आज आपल्याला पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे असल्याचे माहीत आहे. जॉलीचे उत्तर पन्नासपटींनी कमी पडले. दुसऱ्या बाजूने पाहा. ९ कोटी वर्षांत आजच्याएवढे सोडियम जमते, तर ४५४ कोटी वर्षांत त्याच्या पन्नासपट जमायला हवे होते. एक किलो समुद्रजलात आज सुमारे १०.८ ग्रॅम सोडियम असते. पन्नासपट म्हणजे अर्ध्या किलोहून अधिक! एवढे मीठ पाण्यात विरघळूच शकत नाही. त्या चौकस मुलीचा प्रश्न रास्त होता. समुद्राचे मिठागर व्हायला हवे होते आणि ते झाले नाही.

तोच भागाकार, निराळी वये

एखादी पद्धत खरी की खोटी हे तपासायचे असेल तर ती दुसऱ्या ठिकाणी लावून पाहावी. हा तपास वर्गात फळ्यावर करता येतो आणि त्याला फक्त गुणाकार-भागाकार लागतात.

जगातल्या समुद्रांचे घनफळ सुमारे १३३ कोटी घन किलोमीटर आहे. नद्या दरवर्षी सुमारे ३७ हजार घन किलोमीटर पाणी आणतात. म्हणजे रिकामा समुद्र भरायला नद्यांना सुमारे ३६ हजार वर्षे लागतील. आता नदीच्या एक लिटर पाण्यात जगाच्या सरासरीने ६.३ मिलिग्रॅम सोडियम असते. समुद्रात सुमारे १०,८०० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण १,७०० पट. ३६ हजारांना १,७०० ने गुणले की सुमारे ६ कोटी वर्षे येतात. आकडे आजचे असल्याने उत्तर जॉलीपेक्षा थोडे वेगळे आले, पण जात तीच.

आता कॅल्शियम घेऊ. नदीत लिटरमागे १५ मिलिग्रॅम, समुद्रात सुमारे ४१०. पट झाली २७. समुद्राचे ‘वय’ निघाले साधारण १० लाख वर्षे. मॅग्नेशियम नदीत ४.१ आणि समुद्रात सुमारे १,२९० मिलिग्रॅम. वय निघाले एक कोटी वर्षांच्या थोडे पुढे. पोटॅशियमवरून साठ लाखांच्या आसपास. बायकार्बोनेट नदीत ५८, समुद्रात सुमारे १४०. वय फार तर ९० हजार वर्षे.

सर्वांत गमतीचे उदाहरण सिलिकाचे. नदीच्या लिटरभर पाण्यात विरघळलेली सिलिका सरासरी १३ मिलिग्रॅम असते आणि समुद्रात सरासरी त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे जी वस्तू नद्या कोट्यवधी वर्षे ओतत आहेत, ती समुद्रात नदीपेक्षा विरळ आहे! ‘पाणी उडून गेले, क्षार मागे राहिले’ हे वाक्य सिलिकेच्या बाबतीत सरळसरळ उलटे पडते.

एका समुद्राला इतकी वये असू शकत नाहीत. मग हे आकडे कशाचे? १९५२ मध्ये टॉम बार्थ या नॉर्वेजियन भूवैज्ञानिकाने त्यांचा नीट अर्थ लावला. हे समुद्राचे वय नाही, त्या त्या पदार्थाचा समुद्रातला सरासरी मुक्काम आहे. धर्मशाळेत रोज दहा प्रवासी येत असतील आणि कोणत्याही दिवशी आत तीस प्रवासी दिसत असतील, तर प्रत्येकाचा मुक्काम सरासरी तीन दिवसांचा आहे, एवढेच त्यावरून कळते. धर्मशाळा कधी बांधली ते कळत नाही. जॉलीने प्रवाशांच्या मुक्कामावरून धर्मशाळेचे वय काढले.

जॉलीला कॅल्शियम समुद्रातून बाहेर पडते हे माहीत नव्हते असे नाही. चुनखडीचे डोंगरच त्याची साक्ष देतात. म्हणूनच त्याने सोडियम निवडले. ते इतके विद्राव्य की, एकदा आत आले की बाहेर जाणार नाही, असे त्याला वाटले. जमिनीवरचे मिठाचे साठे त्याने नगण्य धरले. त्याची चूक आकड्यांत नव्हती. एका पदार्थाला त्याने नियमातून सूट दिली, ती चूक होती. पुढे जॉलीने किरणोत्सर्गावर महत्त्वाचे काम केले. १९०९ मध्ये किरणोत्सर्ग आणि भूविज्ञान या विषयावर त्याचे पुस्तकही आले. तरीही खडकांतल्या युरेनियमवरून निघणारी मोठी वये त्याला अखेरपर्यंत पटली नाहीत. आपणच काढलेल्या आकड्यावर जीव जडणे शास्त्रज्ञालाही चुकत नाही.

आपले उत्तर आणि लोणारचे तळे

आता आपल्या वर्गातल्या उत्तराकडे वळू. त्यात जॉलीची चूक तर आहेच, शिवाय आणखी दोन त्रुटी आहेत.

पहिली त्रुटी अशी की, नदीचे क्षार आणि समुद्राचे क्षार हे एकच पदार्थ आहेत असे ते उत्तर गृहीत धरते. प्रत्यक्षात नदीतल्या विरघळलेल्या पदार्थांपैकी जवळजवळ निम्मा वाटा बायकार्बोनेटचा असतो आणि धन आयनांत कॅल्शियम पहिले असते. समुद्रात बायकार्बोनेट अर्धा टक्काही नाही. तेथे ८६ टक्के वाटा सोडियम आणि क्लोराइड या दोघांचाच आहे. हे मुलांना दाखवणे सोपे आहे. समुद्रापासून दूरच्या गावातील विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी एका भांड्यात आटवा. तळाशी पांढरट खर राहते. तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले की बहुधा बुडबुडे येतात, कारण तीत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते. मिठागरातल्या मिठावर तेच थेंब टाकले तर काही होत नाही. नदी आटवून समुद्र होत नाही.

मग नदी आटवून काय होते? याचे उत्तर बुलडाणा जिल्ह्यात आहे. लोणारच्या विवरात बेसाल्टवरून आलेले पाणी साठते, बाहेर जायला वाट नाही, बाष्पीभवन चालू असते. हॅलीने सांगितलेले तळे ते हेच! त्याचे पाणी खारट आहे, पण त्याहून ठळक आहे तो त्याचा अल्कधर्म. समुद्राचा सामू ८.१ च्या आसपास असतो. लोणारचा सामू वर्षानुवर्षे १० च्या आसपास नोंदला गेला आहे. तेथे सोड्याचे क्षार तयार होतात आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम पाण्यात फारसे उरत नाही. १९६७ मध्ये गॅरल्स आणि मॅकेन्झी या अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञांनी सिएरा नेवाडा डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी कागदावर ‘आटवून’ पाहिले. गणितातून समुद्र निघाला नाही, सोड्याचे तळेच निघाले. आपल्या पाठ्यउत्तराप्रमाणे सारे घडले असते, तर पृथ्वीवर एक अवाढव्य लोणार असते.

दुसरी त्रुटी क्लोराइडची. समुद्राच्या क्षारांत वजनाने निम्म्याहून अधिक क्लोराइड आहे. पण सामान्य खडकांत क्लोरीन अगदी कमी असते. सगळे खडक झिजवूनही समुद्रात आहे तेवढे क्लोराइड मिळत नाही. १९५१ मध्ये विल्यम रूबी या अमेरिकी भूवैज्ञानिकाने हा जमाखर्च मांडला आणि दाखवले की पाणी, क्लोरीन, कार्बन डायऑक्साइड यांसारखे पदार्थ पृथ्वीच्या पोटातून, ज्वालामुखींच्या व उष्ण झऱ्यांच्या वाटे बाहेर आले असले पाहिजेत. म्हणजे ‘मिठा’तले सोडियम बरेचसे खडकांच्या झिजेचे, तर क्लोराइड पृथ्वीच्या पोटातले. एका चिमटीत दोन इतिहास आहेत. आपण मात्र दोन्हींचे श्रेय नदीला देऊन मोकळे होतो.

बाहेर जाण्याच्या वाटा

पदार्थ समुद्रातून जातात तरी कोठे? जलचक्राच्या आपल्या चित्रात समुद्रातून वर जाणारा एकच बाण असतो, वाफेचा. क्षारांच्या परतीचा बाण कोणी काढत नाही. खरे तर निरनिराळ्या पदार्थांच्या वाटा निरनिराळ्या आहेत.

सोडियम-क्लोराइडची एक वाट आपल्या स्वयंपाकघरात आहे. उपासाला वापरतो ते शेंदेलोण किंवा सैंधव खाणीतून येते. सिंधूच्या प्रदेशातले म्हणून ते सैंधव. पाकिस्तानातील पंजाबात खेवडा येथे त्याची प्रसिद्ध खाण आहे. पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एक उथळ समुद्र आटला, त्याचे हे मीठ. उपासाच्या ताटातला हा खडा म्हणजे समुद्रातून निघालेला एक प्रवासीच. १९७० मध्ये ‘ग्लोमार चॅलेंजर’ या जहाजाने भूमध्य समुद्राच्या तळाला छिद्रे पाडली तेव्हा तेथेही अशा क्षारांचे थर सापडले. सुमारे साठ ते त्रेपन्न लाख वर्षांपूर्वी अटलांटिकशी संबंध जवळजवळ तुटून तो समुद्र आटला होता, आणि जगातल्या समुद्रांतले काही टक्के मीठ तेथे अडकून पडले. अशा घटना रोज घडत नाहीत. म्हणून सोडियमचा आणि क्लोराइडचा मुक्काम एवढा लांब.

मॅग्नेशियमची वाट बराच काळ कोडे होऊन बसली होती. नद्या आणतात तेवढे मॅग्नेशियम तळाच्या गाळात सापडत नव्हते. १९७७ मध्ये ‘ॲल्विन’ या पाणबुडीतून गॅलापागोसजवळ सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर गेलेल्या शास्त्रज्ञांना समुद्रतळातले उष्ण झरे दिसले. त्यांच्या पाण्याच्या विश्लेषणातून उलगडा झाला. समुद्राचे पाणी तळाच्या भेगांतून खाली मुरते, तप्त बेसाल्टशी त्याची देवाणघेवाण होते आणि ते परत येते तेव्हा त्यातले मॅग्नेशियम खडकात राहिलेले असते, तर कॅल्शियम, लोह, मँगेनीज असे पदार्थ पाण्यात आलेले असतात. म्हणजे समुद्राला वरून नद्या तशा खालून हे झरे. रसायनांची आवक-जावक दोन्हीकडून चालते.

कॅल्शियम आणि सिलिका यांची वाट सजीवांतून जाते. पोवळी, शिंपले आणि सूक्ष्म फोरॅमिनिफेरा कॅल्शियम कार्बोनेटची कवचे करतात. डायटम हे एकपेशीय प्लवक सिलिकेची काचेसारखी पेटी बनवतात. मेल्यावर ही कवचे खाली जातात. बरीचशी वाटेत विरघळतात, थोडी तळाच्या गाळात पुरली जातात. समुद्रात सिलिका का कमी, याचे उत्तर नद्यांत किंवा बाष्पीभवनात शोधून सापडणार नाही. ती डायटम वापरून टाकतात.

तर समुद्र फार काळापासून साधारण आवाक्यातल्या खारटपणाचा राहिला आहे, कारण आवक आणि जावक यांचा मेळ राहिला आहे. याचा एक जिवंत पुरावा शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बरणीत असतो. तारामासा ज्यात येतो त्या कंटकचर्मी संघात गोड्या पाण्यातली एकही जाती नाही. खारटपणातले मोठे बदल या प्राण्यांना मानवत नाहीत, आणि त्यांचे जीवाश्म पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे सापडतात. प्रमाणे हलली, पण एवढा काळ समुद्र या प्राण्यांना राहण्याजोगा राहिला.

सुटी चक्रे, जोडलेली चक्रे

‘सगळे समुद्रात जाऊन साठते’ या उत्तराच्या जागी आपली पुस्तके पुढच्या इयत्तांत चक्रे देतात: कार्बनचक्र, नायट्रोजनचक्र, फॉस्फरसचक्र. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. मात्र ही चक्रे वेगवेगळ्या पानांवर, वेगवेगळ्या रंगांत येतात. बाणांवर ना प्रमाण असते ना काळ. मुलाला वाटते की ही वेगवेगळी यंत्रे आहेत.

१९३४ मध्ये आल्फ्रेड रेडफिल्ड या अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञाने दाखवले की समुद्रातल्या प्लवकांच्या शरीरात आणि खोल पाण्यातल्या क्षारांत ही मूलद्रव्ये ठरावीक प्रमाणात बांधलेली आहेत. आज आपण ते प्रमाण कार्बन १०६, नायट्रोजन १६, फॉस्फरस १ असे सांगतो. याचा अर्थ, यांपैकी एक कमी पडले की बाकीची भरपूर असूनही अडून राहतात. पोळ्यांसाठी कणीक मुबलक आहे, पण गॅस संपला, तशी अवस्था. दक्षिण महासागराच्या मोठ्या भागात नायट्रेट आणि फॉस्फेट असूनही प्लवक कमी का, याचे उत्तर म्हणून जॉन मार्टिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने लोहाकडे बोट दाखवले. अर्धे जहाज भरून लोह द्या, हिमयुग आणून दाखवतो, अशा अर्थाचे विधान त्याने १९८८ मध्ये गमतीने केले होते. लोहामुळे प्लवक वाढतील, ते हवेतला कार्बन घेतील आणि तो घेऊन तळाशी जातील, अशी ही साखळी.

गोव्यात दोना पावला येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी २००९ मध्ये ही साखळी प्रत्यक्ष तपासली. ‘पोलारश्टेर्न’ जहाजावरून दक्षिण महासागराच्या सुमारे ३०० चौरस किलोमीटर भागात विरघळलेले लोह सोडण्यात आले. प्रयोगाचे नाव होते ‘लोहाफेक्स’. त्यातला ‘लोहा’ आपल्याकडचाच. प्लवक वाढले खरे, पण डायटम वाढू शकले नाहीत, कारण त्या पाण्यात सिलिका आधीच संपत आली होती. जे प्लवक वाढले ते कवच नसलेले, मऊ. त्यांना कोपेपॉड नावाच्या बारीक प्राण्यांनी खाऊन टाकले. तळाकडे कार्बन फारच थोडा गेला. कार्बनचक्राची चावी लोहाजवळ असेल, पण दाराला सिलिकेची कडीही होती. सुट्या चक्रांच्या चित्रावर भिस्त ठेवणाऱ्याला हा निकाल कळणार नाही.

हे बारकावे शाळेत कशाला?

कोणी म्हणेल, लहान मुलांना सोपे उत्तर दिले तर बिघडले कोठे? पाचवीच्या मुलाला नदी आणि वाफ एवढे सांगणे चुकीचे नाही. अपुरे म्हणजे खोटे नव्हे. पण ते उत्तर पुढे कधीच पुरे केले जात नाही, हा माझा आक्षेप आहे. समुद्र म्हणजे सगळे पोटात घेणारी, कधी न भरणारी आणि कधी न बदलणारी कोठी, अशी समजूत त्यातून घट्ट होते. ही समजूत घेऊन मूल मोठे होते, नागरिक होते, आणि तिची किंमत आता दिसू लागली आहे.

माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव भाग समुद्र शोषून घेतो. ‘घेतो ना, मग चांगलेच’ असे कोठीवाद्याला वाटेल. पण तो वायू पाण्यातल्या कार्बोनेट आयनांशी संयोग पावून त्यांचे बायकार्बोनेट करतो, आणि शिंपले-पोवळ्यांना कवचासाठी कार्बोनेटच हवे असते. औद्योगिक काळापूर्वीपासून पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू सुमारे ०.१ ने उतरला आहे. आकडा किरकोळ वाटतो, पण सामूचे माप लॉगरिथमचे असल्याने हायड्रोजन आयन जवळपास ३० टक्क्यांनी वाढले आहेत, हे अकरावीच्या विद्यार्थ्याने स्वतः काढून पाहावे. तळाच्या चुनखडीने ही आम्लता शमवायला हजारो वर्षे लागतात आणि खडकांच्या झिजेने पूर्ण भरपाई व्हायला लाखो. आपण मात्र दीडदोनशे वर्षांत बदल केला. मुक्कामाचा काळ ज्याला समजला, त्याला यातला धोका सांगावा लागत नाही. आवक एका झटक्यात वाढली आणि जावक जुन्याच गतीने चालली, तर धर्मशाळेत काय होईल?

दुसरे उदाहरण घराजवळचे. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीच्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ नाहीसा होतो. तेथले जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेकडे परततो. जगातल्या खुल्या समुद्रात हे मोठ्या प्रमाणावर चालते अशा तीन प्रमुख जागांपैकी ही एक. शिवाय पावसाळ्याच्या उत्तरार्धात आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या उथळ भागात खालचे प्राणवायू कमी असलेले पाणी वर येते आणि पावसाच्या हलक्या पाण्याचा थर त्यावर झाकण घालतो. हे नैसर्गिकच आहे. परंतु ही स्थिती तीव्र होत आहे, आणि त्यातून हवा तापवणारा नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणावर निघतो, असे निरीक्षण गोव्याच्या संस्थेतील वाजिह नक्वी व सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले, शेतातून वाहून येणाऱ्या नायट्रोजनचा त्यात हात असण्याची शक्यता त्यांनी दाखवली. युरिया शिवारात पडतो. त्याचा हिशेब मात्र मच्छीमाराच्या जाळ्यापर्यंत पोहोचू शकतो.

यात एक विचित्र योगायोग आहे. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची रीत शोधणाऱ्या फ्रिट्झ हाबरने १९२० च्या दशकात समुद्रातून सोने काढायचा चंग बांधला होता. सोने अपेक्षेपेक्षा फारच विरळ निघाले आणि बेत फसला. समुद्रातून त्याला काही घेता आले नाही. पण त्याच्या अमोनियाने समुद्राला जे दिले, ते आज मोजावे लागत आहे.

फळ्यावर काय लिहावे

टीका केली की पर्यायही द्यावा. आठवी-नववीच्या वर्गासाठी मी असे उत्तर सुचवीन: समुद्रात खडकांच्या झिजेतून आणि पृथ्वीच्या पोटातून निरनिराळे पदार्थ सतत येतात आणि निरनिराळ्या वाटांनी सतत बाहेर जातात. कॅल्शियम, सिलिका यांसारखे पदार्थ सजीव आणि गाळ लवकर काढून घेतात. सोडियम आणि क्लोराइड यांना बाहेर काढणाऱ्या वाटा फार मंद आहेत, म्हणून तेच पाण्यात सर्वांत जास्त उरले. आणि म्हणून समुद्राला मिठाची चव आहे.

उत्तर दोन ओळींनी लांबले, पण त्या मुलीच्या दोन्ही प्रश्नांना ते पुरते. त्याबरोबर जलचक्राच्या चित्रात खालच्या बाजूने दोन-चार बाण वाढवावेत: एक मिठाच्या थराकडे, एक तळाच्या गाळाकडे, एक खडकाच्या भेगेत जाणारा आणि एक तेथून परत येणारा. वरच्या वर्गांत जॉलीचा भागाकार मुलांकडून करून घ्यावा. सोडियमवरून एक वय, कॅल्शियमवरून दुसरे, सिलिकेवरून तिसरे आले की मुले स्वतःच गोंधळून विचारतील, ‘‘सर, यातलं खरं कोणतं?’’ त्या क्षणी उत्तर सांगण्याची घाई करू नये. थोडा वेळ त्यांना धर्मशाळेच्या दारात बसून येणारे-जाणारे मोजू द्यावेत.

जॉलीचा आकडा पृथ्वीचे वय म्हणून केव्हाच बाद झाला. पण सोडियमच्या मुक्कामाचा अंदाज म्हणून तो आजच्या आकड्यांच्या जवळ आहे. त्याचा भागाकार बरोबर होता, त्याने विचारलेला प्रश्न तेवढा चुकीचा होता. आपल्या वर्गात नेमके उलटे घडते: मुलगी बरोबर प्रश्न विचारते आणि आपण जुने उत्तर पुढे करतो.